आठवणींच्या रांगेत कन्नड कुठे?

जानेवारी २०२५ मध्ये ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश वाद्यवृंदाने नऊ दिवसांत भारतात पाच कॉन्सर्ट केल्या. १८, १९ आणि २१ जानेवारीला नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये, तर २५ आणि २६ जानेवारीला अहमदाबादच्या नरेंद्र मोदी स्टेडियममध्ये. या पाच रात्रींच्या आठवणी चाहते अजूनही एकमेकांना सांगत असतात. गायक ख्रिस मार्टिन याने मुंबईकरांना मराठीतून केलेले अभिवादन, प्रेक्षकांच्या मनगटांवर एकाच लयीत उजळणारे पट्टे, क्रिकेटपटू जसप्रीत बुमराहवरून रंगलेली थट्टा आणि पुढे तोच बुमराह अहमदाबादच्या प्रेक्षकांत दिसणे, ब्रिटिश राजवटीतील अन्यायांचा उल्लेख करून भारतीयांच्या क्षमाशीलतेबद्दल मानलेले आभार, प्रजासत्ताकदिनी गायलेले ‘वंदे मातरम्’... आठवणींची ही यादी ठरून गेल्यासारखी आहे.

अशा आठवणींना वर्तमानपत्रांत सहसा मनोरंजनाच्या पानावर जागा मिळते. परंतु त्यांच्याकडे सार्वजनिक प्रश्न म्हणूनही पाहिले पाहिजे. कोणत्याही मोठ्या कॉन्सर्टचा इतिहास पुढे तिच्या श्रोत्यांच्या तोंडूनच लिहिला जातो आणि श्रोता होण्याची संधी कोणाला मिळाली, यावरच तो इतिहास कोणाचा हे ठरते. मुंबई, पुणे व अहमदाबाद येथील चाहत्यांच्या आठवणी मुबलक आहेत. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कन्नडसारख्या तालुक्याच्या गावातून त्या फारशा ऐकू येत नाहीत. तिथे चाहते नाहीत, असा याचा अर्थ नव्हे. आठवण होण्यासाठी आधी आत पोहोचावे लागते आणि ते पोहोचणे कोणाला परवडते व कोणत्या नियमाने साधते, याचा विचार महाराष्ट्रात गेल्या तीन दशकांत पुरेसा झालेला नाही.

एका संध्याकाळची पंचवीस वर्षांची फाइल

या विषयाची सुरुवात मायकेल जॅक्सनपासून करावी लागते. ‘हिस्टरी’ या जागतिक दौऱ्याचा प्रारंभ सप्टेंबर १९९६ मध्ये प्राग येथे झाला आणि ऑक्टोबर १९९७ मध्ये डर्बन येथे त्याची सांगता झाली. ८२ कॉन्सर्टच्या या दौऱ्यात भारताच्या वाट्याला एकच संध्याकाळ आली. शुक्रवार, १ नोव्हेंबर १९९६ रोजी मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात ती पार पडली. विमानतळावर नऊवारी नेसलेल्या सोनाली बेंद्रे यांनी केलेले औक्षण, रस्त्याच्या दुतर्फा जमलेली गर्दी, ‘मातोश्री’वर बाळासाहेब ठाकरे यांची घेतलेली भेट या गोष्टी त्या पिढीच्या स्मरणात आजही ताज्या आहेत. जॅक्सनचे २५ जून २००९ रोजी निधन झाले, तेव्हा मुंबईत पहिल्यांदा उजळली ती हीच संध्याकाळ. ज्यांनी ती प्रत्यक्ष अनुभवली, त्यांच्याकडे त्या वेळी मोबाइल कॅमेरे नव्हते. त्यामुळे १९९६ ची आठवण मुख्यत्वे बोलण्यातून टिकली आणि सांगणाऱ्यागणिक थोडी वाढतही गेली.

त्या आठवणीची दुसरी बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. राज ठाकरे यांच्या नेतृत्वाखालील शिवउद्योग सेनेसाठी ‘विझक्राफ्ट’ या कंपनीने हा कार्यक्रम आयोजित केला होता. मराठी तरुणांना रोजगार मिळवून देण्याच्या कामासाठी निधी उभारणे हा त्यामागील जाहीर हेतू होता. तत्कालीन शिवसेना-भाजप युती सरकारने कार्यक्रमाला करमणूक करातून सूट दिली. मुंबई ग्राहक पंचायतीने या निर्णयाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. तिकिटांच्या रकमेतून कराइतकी, म्हणजे सुमारे ३ कोटी ३४ लाख रुपयांची रक्कम जमा करून ठेवण्यात आली आणि तिचा निकाल लागेपर्यंत एक पिढी उलटली.

सूट देताना सरकारने पुरेसा विचार केला नसल्याचा ठपका ठेवून उच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो निर्णय रद्द केला आणि सरकारला फेरविचार करण्यास सांगितले. त्यानंतरही जवळपास दहा वर्षे गेली. जानेवारी २०२१ मध्ये महाविकास आघाडी सरकारच्या मंत्रिमंडळाने कर माफ करून ती रक्कम आयोजक कंपनीला परत करण्यावर शिक्कामोर्तब केले. काही तासांच्या कार्यक्रमाच्या कराचा निर्णय लागायला चोवीस वर्षांहून अधिक काळ लागला. मधल्या काळात जॅक्सनचे निधन झाले, राज ठाकरे यांनी स्वतंत्र पक्ष काढला आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन करमणूक कराची जुनी रचनाही मोडीत निघाली.

या प्रकरणातील एक विसंगती कन्नडच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. सवलतीचे समर्थन मराठी तरुणाच्या नावाने करण्यात आले होते. मराठवाड्यातील, खानदेशातील, विदर्भातील बेरोजगार तरुण हा त्या कार्यक्रमाचे नैतिक कारण होता. प्रेक्षागृहात मात्र त्याला जागा नव्हती. मायकेल जॅक्सन त्याच्यापर्यंत पोहोचला तो दूरदर्शनच्या पडद्यावरून, कॅसेटवरून आणि गणेशोत्सवातल्या नृत्यस्पर्धेत ‘मूनवॉक’ करून दाखवणाऱ्या गावातल्याच एखाद्या पोराकडून. कागदावर लाभार्थी आणि प्रत्यक्षात अनुपस्थित, ही ग्रामीण श्रोत्याची अवस्था तेव्हापासूनची आहे.

सव्वा कोटींची रांग

‘कोल्डप्ले’च्या बाबतीत चित्र बदलले, असे वरवर पाहता वाटू शकते. २२ सप्टेंबर २०२४ रोजी दुपारी १२ वाजता तिकीटविक्री सुरू झाली ती ऑनलाइन. म्हणजे अंधेरीतील चाहता आणि कन्नडमधील चाहता तत्त्वतः एकाच क्षणी एकाच रांगेत उभे राहू शकत होते. तिकिटांचे दर अडीच हजारांपासून पस्तीस हजार रुपयांपर्यंत होते. ‘बुक माय शो’ या कंपनीच्या म्हणण्यानुसार त्या दिवशी १ कोटी ३० लाख जणांनी तिकिटासाठी प्रयत्न केला. एकच व्यक्ती अनेक उपकरणांवरून प्रयत्न करत असल्याने हा आकडा जसाच्या तसा माणसांचा मानता येणार नाही. तरीही मागणी आणि जागा यांच्यातील तफावत त्यावरून स्पष्ट होते. मूळच्या दोन कॉन्सर्टना तिसरीची जोड दिल्यानंतरही नेरूळच्या तिन्ही रात्रींची क्षमता मिळून दोन लाखांच्या आसपासच होती.

त्यामुळे चाहत्यांच्या आठवणींत कॉन्सर्टच्या आधी रांगेची आठवण येते. पडद्यावर दिसणारा लाखोंच्या घरातील क्रमांक, मध्येच बंद पडलेले संकेतस्थळ, घरातल्या चारही फोनवरून एकाच वेळी केलेला प्रयत्न यांचे वर्णन गाण्यांइतक्याच उत्कटतेने केले जाते. काही तासांतच तीच तिकिटे परदेशी पुनर्विक्री संकेतस्थळांवर लाखो रुपयांना दिसू लागली. या संकेतस्थळांशी आपला संबंध नसल्याचे ‘बुक माय शो’ने जाहीर केले आणि पोलिसांत तक्रारही दिली. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने कंपनीच्या प्रमुखांना चौकशीसाठी बोलावले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने ‘कोल्डप्ले’ आणि दिलजीत दोसांझ यांच्या कार्यक्रमांच्या तिकिटांच्या काळ्या बाजाराबाबत पाच शहरांत छापे घातले. याच विषयावर उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. कॉन्सर्टच्या आठवडाभर आधी, जानेवारी २०२५ मध्ये ती फेटाळताना हा धोरणाचा प्रश्न असून कायदा करणे हे विधिमंडळाचे व सरकारचे काम असल्याची भूमिका न्यायालयाने घेतली.

न्यायालयाने दाखवलेली ही वाट महत्त्वाची होती. रेल्वेच्या तिकिटांचा अनधिकृत व्यापार हा रेल्वे कायद्याच्या कलम १४३ नुसार गुन्हा आहे. अडीच हजारांचे कॉन्सर्टचे तिकीट लाखाला विकणाऱ्यासाठी तितकी नेमकी तरतूद नाही. आयर्लंडने २०२१ मध्ये मोठ्या कार्यक्रमांची तिकिटे छापील किमतीपेक्षा अधिक दराने विकण्यास कायद्याने बंदी घातली. ब्रिटनमध्ये सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये तसाच कायदा आणण्याचे जाहीर केले. तेथील ग्लास्टनबरी महोत्सवात तिकिटावर खरेदीदाराचे छायाचित्रच असते, त्यामुळे ते दुसऱ्याच्या हाती जाण्याचा प्रश्नच उरत नाही. ‘कोल्डप्ले’ ज्या देशातून आला, तिथे या प्रश्नाला सरकारने हात घातला आहे. ज्या देशात त्याच्या तिकिटांसाठी कोटीच्या घरात रांग लागली, तिथे मात्र चौकशा झाल्या आणि नियम मागे राहिला.

कन्नडहून नेरूळ

समजा, कन्नडमधील एखाद्या विद्यार्थ्याला या रांगेत यश आले आणि सर्वांत स्वस्त तिकीट मिळाले. कन्नडला रेल्वे नाही. मुंबईला जायचे तर एक तर सुमारे साठ किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगर गाठायचे, नाही तर औट्रम घाट उतरून चाळीसगावला मुंबईची गाडी पकडायची. कॉन्सर्ट रात्री दहाच्या सुमारास संपते. त्यानंतर नेरूळहून परतीचा प्रवास त्याच रात्री जमवणे कठीण, म्हणजे मुक्काम आला. तिकिटाच्या अडीच हजारांवर प्रवास, मुक्काम आणि बुडालेले दोन दिवस यांचा खर्च चढतो. महानगरातील चाहत्यासाठी जी एका संध्याकाळची चैन असते, ती कन्नडच्या चाहत्यासाठी छोटीशी यात्रा ठरते. अहमदाबादच्या कॉन्सर्टसाठी पश्चिम रेल्वेने मुंबईहून विशेष गाड्या सोडल्या. महानगराला महानगराशी जोडण्याची तत्परता व्यवस्थेकडे आहे, हे त्यातून दिसले. तालुक्याला महानगराशी जोडण्याची मागणी कोणी केली नाही आणि ती कोणाला सुचलीही नाही.

२६ जानेवारीची अहमदाबादची कॉन्सर्ट ‘डिस्ने प्लस हॉटस्टार’वरून थेट दाखवण्यात आली. त्यामुळे त्या रात्री कन्नडमधील चाहता घरबसल्या तीच गाणी त्याच क्षणी ऐकू शकत होता. १९९६ च्या तुलनेत हा फरक मोठा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. मात्र चाहत्यांच्या आठवणी नीट ऐकल्या, तर त्यांत गाण्यांपेक्षा सोबतच जास्त असते. शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाने खांद्यावर टाकलेला हात, ‘ए स्काय फुल ऑफ स्टार्स’ या गाण्याच्या वेळी फोन खिशात ठेवण्याची गायकाने केलेली विनंती आणि हजारोंनी ती ऐकणे, हे पडद्यावर दिसते; पण त्या गर्दीतले आपण तिथे नसतो. थेट प्रक्षेपण कॉन्सर्ट दाखवते, तिची आठवण होण्याचा हक्क देत नाही.

मराठवाड्याला लोकप्रिय संगीताच्या गर्दीची सवय नाही, असा समज तर मुळातच चुकीचा आहे. आंबेडकर जयंतीच्या मंचावरील भीमगीते, यात्रेतील व उरुसातील कव्वाल्या, गणेशोत्सवातील ऑर्केस्ट्रा, सप्ताहातील कीर्तन यांना जमणारा जनसमुदाय कोणत्याही महानगरी स्टेडियमला हेवा वाटावा असा असतो. वामनदादा कर्डक यांची गाणी गावोगाव गेली ती याच मंचांवरून. प्रल्हाद शिंदे आणि त्यांचे पुत्र आनंद व मिलिंद शिंदे हे या श्रोत्यांसाठी कोणत्याही पॉपस्टारपेक्षा कमी नाहीत आणि त्यांच्या कार्यक्रमांच्या आठवणीही तितक्याच रंगवून सांगितल्या जातात. या परंपरेत खर्च वर्गणीतून गाव उचलते आणि मैदान सर्वांना खुले राहते. उशिरा आलेला मागे उभा राहतो, एवढाच काय तो भेद. नव्या कॉन्सर्टने आणलेली खरी नवलाई म्हणजे दरवाजा. त्या दरवाजावर कोण, कशाच्या जोरावर आत जाईल हे ठरते.

अर्थकारणाचा ताळेबंद

अहमदाबादच्या कॉन्सर्टनंतर दोनच दिवसांनी, २८ जानेवारी २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी भुवनेश्वर येथील गुंतवणूक परिषदेत ‘कोल्डप्ले’चा दाखला देऊन ‘कॉन्सर्ट इकॉनॉमी’चा पुरस्कार केला आणि राज्यांनी व खासगी क्षेत्राने त्यासाठी आवश्यक सुविधा व कौशल्ये यांच्याकडे लक्ष द्यावे, असे आवाहन केले. ‘बुक माय शो’ने सल्लागार संस्थेकडून करून घेतलेल्या अहवालात अहमदाबादच्या दोन दिवसांचा एकूण आर्थिक परिणाम ६४१ कोटी रुपये असल्याचे म्हटले आहे. तिकीट विकणाऱ्या कंपनीनेच प्रसिद्ध केलेला हा आकडा सावधपणे वाचला पाहिजे. तथापि हॉटेले, विमाने, टॅक्सी आणि खाद्यपदार्थांच्या व्यवसायाला मोठी चालना मिळाली, याविषयी दुमत नाही.

येथे अहमदाबाद आणि नवी मुंबई यांची तुलना अपरिहार्य ठरते. सव्वा लाखांहून अधिक क्षमतेचे स्टेडियम असल्याने अहमदाबादला दोन रात्रींत जेवढे श्रोते सामावता आले, तेवढे नेरूळला तीन रात्रींतही शक्य नव्हते. जागतिक पातळीवर सरकारे या स्पर्धेत उघडपणे उतरली आहेत. मार्च २०२४ मध्ये टेलर स्विफ्टच्या सहा कॉन्सर्ट आग्नेय आशियात केवळ आपल्याकडेच व्हाव्यात, यासाठी सिंगापूरने आर्थिक प्रोत्साहन दिले आणि शेजारी देशांची नाराजी ओढवून घेतली. सिंगापूरच्या निर्णयावर टीका करता येईल; परंतु तो का घेतला, हे तेथील पंतप्रधानांनी जाहीरपणे सांगितले. महाराष्ट्रात मात्र प्रत्येक कार्यक्रमागणिक नवा निर्णय होतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात झालेल्या ‘ग्लोबल सिटिझन’ महोत्सवात ‘कोल्डप्ले’ प्रथम मुंबईत मोठ्या मंचावर आला, तेव्हाही करमणूक करातील सवलतीवरून वाद झाला होता. वीस वर्षांपूर्वीच्या जॅक्सन प्रकरणातून एखादा स्थायी निकष तयार झाला असता, तर तो वाद टळला असता.

मुंबईतील धोबी तलावाजवळचे रंगभवन हे याच धोरणहीनतेचे आणखी एक उदाहरण आहे. १९८० मध्ये ‘द पोलिस’ या ब्रिटिश वाद्यवृंदाने जिथे कार्यक्रम केला आणि नंतरच्या काळात शहरातील रॉक संगीताच्या अनेक पिढ्या जिथे घडल्या, ते खुले नाट्यगृह शांतता क्षेत्राच्या नियमामुळे मुके झाले. रुग्णालय व महाविद्यालय यांच्या शेजारी ध्वनिनियम पाळलेच पाहिजेत. परंतु एक जागा बंद होताना तिच्या ऐवजी दुसरी परवडणारी जागा उभी राहिली नाही. मग मधली पायरीच नाहीशी झाली. एकीकडे गल्लीतला मंडप आणि दुसरीकडे पन्नास हजारांचे स्टेडियम, अशी महाराष्ट्रातील संगीताची अवस्था झाली आहे.

धोरणाची दिशा

या मधल्या पायरीचा प्रश्न कन्नडला थेट भिडतो. कन्नडहून छत्रपती संभाजीनगरला जाताना वेरूळ लागते. कैलास लेण्याच्या साक्षीने सुरू झालेला वेरूळ-अजिंठा महोत्सव हा एकेकाळी मराठवाड्याचा अभिमानाचा विषय होता. पुढे तो सोनेरी महालाच्या परिसरात हलला, अनेकदा खंडित झाला आणि बऱ्याच खंडानंतर २०२३ मध्ये पुन्हा भरला. दुष्काळ, निधी, आचारसंहिता अशी कारणे दर वेळी निराळी असली, तरी परिणाम एकच झाला. सातत्य तुटले की श्रोत्यांची सवय तुटते आणि आठवणींची साखळीही तुटते. दरवर्षी ठरलेल्या तारखांना होणाऱ्या कार्यक्रमासाठी माणसे पैसे साठवतात, पाहुण्यांना बोलावतात, दुकानदार माल भरतात. कधी होईल आणि कधी नाही, अशा कार्यक्रमाभोवती कोणतेही अर्थकारण उभे राहत नाही.

कॉन्सर्टच्या अर्थकारणाला राज्याचे धोरण म्हणून स्वीकारायचे असेल, तर किमान चार गोष्टी आधी ठरायला हव्यात. पहिली म्हणजे पुनर्विक्रीच्या किमतीवर मर्यादा घालणारा आणि तिकीट कंपनीवर उत्तरदायित्व टाकणारा कायदा. दुसरी, कर किंवा शुल्कातील कोणतीही सवलत कार्यक्रमापूर्वी, लेखी कारणांसह आणि जाहीर निकषांवर देण्याची पद्धत. म्हणजे पुन्हा चोवीस वर्षे फाइल फिरणार नाही. तिसरी, विभागीय शहरांत पाच-दहा हजार श्रोत्यांसाठी ध्वनी, वाहतूक व आपत्कालीन मार्ग यांचा विचार करून बांधलेले खुले रंगमंच. चौथी, सवलत घेणाऱ्या मोठ्या कार्यक्रमांत विद्यार्थ्यांसाठी परवडणारी काही तिकिटे आणि रात्री परतीची सार्वजनिक वाहतूक बंधनकारक करणे. जून २०२५ मध्ये बंगळूरुच्या क्रिकेट विजयोत्सवातील चेंगराचेंगरीत अकरा जणांचा बळी गेल्यानंतर गर्दीचे नियोजन हा ऐच्छिक विषय राहिलेला नाही, हेही या संदर्भात विसरता येणार नाही.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल. ज्या तालुक्यात पाणी, रस्ते आणि रोजगार यांचे प्रश्न तीव्र आहेत, तिथे पॉपस्टारच्या कॉन्सर्टची चिंता कशाला? आक्षेपात तथ्य आहे. पण तो अपुरा आहे. कन्नडमधून पुण्या-मुंबईला जाणारा तरुण केवळ नोकरीसाठी जात नाही. जिथे काही घडते, अशा ठिकाणी राहण्याची ओढही त्याच्या निर्णयात असते. ज्या गावांत काही घडतच नाही, ती गावे हळूहळू केवळ निघून जाण्याची ठिकाणे होतात. शिवाय ज्या अर्थकारणाचे गोडवे सरकार गाते, त्याचा लाभ दोन-तीन महानगरांपुरताच राहणार असेल, तर त्यासाठी द्यायच्या सवलतींचा भार साऱ्या राज्याने का सोसावा, हा प्रश्न तालुक्याने विचारणे न्याय्यच ठरते.

चाहत्यांच्या आठवणी खऱ्या असतात आणि त्यांचा आनंदही खरा असतो. नेरूळच्या तीन रात्रींनी अनेकांना आयुष्यभर पुरेल असे काही दिले, यात शंका नाही. परंतु त्या आठवणींत रांगेच्या मागच्या टोकाला राहिलेल्यांची नोंद नसते. १९९६ मध्ये मराठी तरुणाचे नाव अर्जावर होते, २०२४ मध्ये त्याचा क्रमांक संगणकाच्या पडद्यावर होता. पुढच्या मोठ्या दौऱ्याच्या तारखा जाहीर होतील तेव्हा तो प्रत्यक्ष मैदानात असेल का, याचे उत्तर कलाकारांच्या हाती नाही. ते विधिमंडळाच्या आणि मंत्रालयाच्या हाती आहे, आणि न्यायालयाने ते तिकडेच सोपवलेले आहे.